अंगणासाठी खडी किती मागवावी?

सदर : घरचा हिशेब



आमच्या घराचा व्यवसाय धान्याच्या आडतीचा. बाबूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आडते बाजारातील पेढीवर चाळीस वर्षे काटा सांभाळला. बारदानाचे वजन वजा केल्याशिवाय त्यांनी कधी शेतकऱ्याची पट्टी केली नाही. अशा घरात सावेडीतील बंगल्याच्या अंगणासाठी खडी मागवताना मात्र कोणी साधा टेपही हाती घेतला नाही. त्या चुकीची किंमत आमच्यापेक्षा शेजारच्या आजींनी अधिक मोजली. म्हणून या वेळचा हिशेब खडीचा.

सावेडी हे पूर्वी नगर शहराबाहेरचे गाव. आता चारही बाजूंनी वसाहती झाल्या. पण आमच्या फरशीखाली अजून शेतातली काळी माती आहे. पाऊस पडला की ती फुगते, पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. समोरच्या अंगणात पावसाळाभर चिखल होई. सगळे अंगण काँक्रीटचे करावे, असा एक विचार होता. बाबूजींना तो मान्य नव्हता. पाणी जमिनीत मुरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी खडी टाकण्याचे ठरले आणि धाकट्या दिरांनी फोनवरून सांगितले, "दोन ट्रॉल्या टाकून द्या."

मार्च महिन्यात दोन ट्रॉल्या आल्या. अंगण भरले आणि उरलेल्या खडीचा ढीग फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला राहिला. मागच्या अंगणाला उपयोगी पडेल, असे आम्ही म्हणत राहिलो. रोज येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी त्यातली खडी रस्त्यावर पसरत गेली. मे महिन्यातील एका संध्याकाळी शेजारच्या आजी दिवेलागणीच्या वेळी मंदिरातून परतत असताना त्या सुट्या खडीवरून त्यांचा पाय घसरला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता.

त्या रात्री बाबूजी जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला टेप, सुतळी आणि वही आणायला सांगितली. म्हणाले, "बेटा, दुकानात आपण ग्रॅम मोजतो आणि घरी ढीग मागवतो. आधी सांग, लागत होती किती?"

लागत होती किती?

समोरचे अंगण २० फूट लांब आणि १८ फूट रुंद, म्हणजे ३६० चौरस फूट. खडीचा थर ३ इंचांचा, म्हणजे पाव फूट. ३६० ला पाव फुटाने गुणले की ९० घनफूट होतात. आपल्याकडे खडी, वाळू, मुरूम ब्रासने विकतात आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे आम्हाला एक ब्रासही पुरेपूर लागत नव्हती, मागवली दोन.

येथे एक सावधगिरी सांगते. फरशी, गिलावा, स्लॅब या कामांत १०० चौरस फुटांनाही ब्रास म्हणतात. तो क्षेत्रफळाचा ब्रास. खडीचा ब्रास घनफळाचा असतो. बोलताना दोघांचा शब्द एक आणि मनातील माप वेगवेगळे, असा घोटाळा सहज होतो. म्हणून मागणी करताना "इतके घनफूट" असेही सांगावे.

मग ढिगात किती उरली, ते पाहिले. ढीग साधारण शंकूच्या आकाराचा होता. पायथ्याभोवती सुतळी फिरवली, ती साडेचौतीस फूट भरली. काठी उभी करून उंची घेतली, ती साडेतीन फूट. घेराला घेराने गुणावे, त्याला उंचीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ३८ ने भागावे, म्हणजे शंकूचे घनफळ जवळजवळ बरोबर येते. उत्तर आले सुमारे ११० घनफूट. दोन ब्रासमधून अंगणाची ९० घनफूट वजा केली तरी ११० च उरतात. दोन वाटांनी केलेला हिशेब एका ठिकाणी आला, तेव्हा बाबूजींनी वहीत त्याखाली रेघ ओढली.

दुसऱ्याच दिवशी धाकटे दीर आजींकडे गेले, हात जोडून क्षमा मागितली आणि दवाखान्याचा खर्च पुढे केला. आजी म्हणाल्या, "पैशाचे पाहू. आधी तो ढीग हलव. पावसात त्यात विंचूकिडा शिरेल."

आजींनी सांगितले ते आपल्यालाही नवे नव्हते. पावसाळा लागला की अशा ढिगात बेडूक, गोमा, विंचू आसरा घेतात. नंतर फावडे चालवले की त्यांची हिंसा टळत नाही. चातुर्मासात आपण पावलोपावली जयणा पाळतो आणि दारात मात्र जीवांना आमंत्रण देणारा ढीग ठेवतो, हे विसंगत आहे. खडीचे काम ज्येष्ठाच्या आत संपवावे आणि ढीग उरणारच नाही इतकीच खडी मागवावी, हे त्यावरचे सरळ उत्तर.

मागच्या अंगणाचा अंदाज

मागच्या अंगणासाठी दीर आणखी दोन ट्रॉल्या सांगणार होते. "भाभी, समोरच्यापेक्षा मागचे अंगण मोठे आहे," असे ते म्हणाले. मोठे होते, यात शंका नाही. पण या वेळी आधी कागदावर आकृती काढली. अंगण चौकोनी नसले की लोक डोळ्यांनी अंदाज करतात आणि तेथेच चुकतात. वेडावाकडा आकार चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळ यांत तोडावा, एकेकाचे क्षेत्रफळ काढावे आणि मग बेरीज करावी.

आमचे चार तुकडे झाले. बोळातून जाणारी पायवाट ४२ फूट लांब आणि ३ फूट रुंद : १२६ चौरस फूट. बसण्याची जागा १५ बाय १२ : १८०. कुंपणालगतचा त्रिकोण, पाया १४ फूट आणि उंची ९ फूट. गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे ६३. चौथा तुकडा कडुनिंबाभोवतीच्या वर्तुळाचा. वर्तुळाची त्रिज्या ५ फूट. पण बुंध्यापासून २ फुटांपर्यंत माती मोकळी ठेवली, कारण खोडाला खडी टेकली की ओल धरते आणि साल कुजते. बाहेरच्या वर्तुळातून आतले वर्तुळ वजा केले, ते ६६ चौरस फूट. एकूण ४३५.

आता वजावट. व्यापाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही. आपण बारदान वजा करतोच. नळाचा चौथरा ५ बाय ३, म्हणजे १५ चौरस फूट गेले. पायवाटेवर बाबूजींसाठी शहाबादी फरश्या बसवायच्या होत्या. तीन-तीन फुटांवर एक याप्रमाणे १४ फरश्या, प्रत्येकी २ फूट बाय दीड फूट. त्यांचे ४२ चौरस फूट वजा झाले आणि पायवाटेवर खडीसाठी ८४ चौरस फूटच उरले.

वयस्कर माणसे जेथून चालतात, तेथे नुसती खडी टाकू नये. नदीतले गोल गोटे तर मुळीच नकोत. ते पायाखाली घरंगळतात. क्रशरची खडी कोनेदार असल्यामुळे एकमेकींत अडकून बसते. तरीही काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांना सपाट फरशीच हवी आणि चाकाची खुर्ची असेल तर फरशी सलग हवी.

थर किती जाडीचा?

अंदाज चुकण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे जाडी. क्षेत्रफळ सगळेच मोजतात. जाडी मात्र "थोडी टाका" एवढ्यावर सोडतात. थर २ इंचांऐवजी ३ इंचांचा झाला, तर खडी दीडपट लागते. बसण्याच्या जागेला आणि झाडाभोवती २ इंच पुरतात. रोजच्या पायवाटेला अडीच ते तीन. चारचाकी उभी राहणार असेल तर ४ इंच, तेही नीट दाबलेल्या मुरमावर.

लक्षात ठेवायला एक सोपे गणित आहे. बाराशेला थराच्या इंचांनी भागावे; एक ब्रास खडी तितके चौरस फूट झाकते. २ इंचांना ६००, ३ इंचांना ४००, ४ इंचांना ३००. एवढे पाठ असले की फोनवर बोलतानाही फसगत होत नाही.

आमच्या पायवाटेचे ८४ चौरस फूट ३ इंचांनी २१ घनफूट झाले. उरलेली जागा, चौथरा वजा करून, २९४ चौरस फूट. २ इंचांनी ४९ घनफूट. एकूण ७०. खडी काही जमिनीत रुतते, काही कडेला जाते, जमीनही आरशासारखी सपाट नसते. त्यासाठी दहा टक्के वाढ धरली. ७७ घनफूट झाले.

येथे दीर क्षणभर गप्प बसले. मागच्या अंगणाला लागणार होती ७७ घनफूट आणि दारात पडली होती ११०. आणखी मागवायची खडी शून्य! अंदाज केला नसता तर दोन ब्रास पुन्हा येऊन पडली असती.

खालचा थर

एक गोष्ट अंदाजातून नेहमी सुटते. काळ्या मातीवर थेट खडी टाकली तर पहिल्या पावसाळ्यात ती मातीत उतरते आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा खडी घ्यावी लागते. म्हणून वरची मऊ माती काढून खाली २ ते ३ इंचांचा मुरूम दाबून घ्यावा. मुरमाचा हिशेब वेगळा आहे. सुटा मुरूम पाणी मारून धुम्मस केला की दबतो. त्यामुळे दबलेल्या मापाच्या सव्वापट सुटा मुरूम मागवावा. काढलेली माती टाकू नये. आम्ही ती कडुनिंबाच्या आळ्यात आणि कुंड्यांत वापरली. मुरूम दाबताना भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार ठेवावा; दहा फुटांना दोन इंच पुरतात. खडीच्या कडेला विटा किंवा दगड उभे लावावेत, नाहीतर खडी पायांबरोबर घरभर फिरते.

मुरूम आणि खडी यांमध्ये विणलेले कापड अंथरले तर गवत कमी उगवते आणि खडी खाली उतरत नाही. गवत मारायला विषारी औषध फवारण्यापेक्षा हे कितीतरी बरे. कापड घेताना जोडावर अर्धा फूट चढ धरावा आणि तेवढे जास्त घ्यावे.

गाडी दारात आली की

ज्यांना खडी विकत घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. "एक ट्रॉली" हे माप नव्हे. गाडी रिकामी करण्यापूर्वी आतून लांबी, रुंदी आणि खडीची उंची मोजावी. उंची चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी घेऊन सरासरी काढावी, कारण खडी मध्ये चढलेली आणि कडेला उतरलेली असते. ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद ट्रॉलीत सरासरी २ फूट खडी असेल, तर ९९ घनफूट, म्हणजे ब्रास भरली. तीच दीड फूट असेल तर ७४ घनफूट, पाऊण ब्रास.

खडी वजनावर घेत असाल तर साधारण प्रमाण ठाऊक असावे. आपल्या भागातील खडी काळ्या कातळाची. तिची एक ब्रास सव्वाचार टनांच्या आसपास भरते. ओली असेल तर थोडी अधिक. शोभेचे पांढरे संगमरवरी खडे पोत्यांतून मिळतात. ५० किलोचे पोते २ इंचांच्या थराला सुमारे ७ चौरस फूट पुरते. शंभर चौरस फुटांसाठी चौदा-पंधरा पोती लागतील, हे आधी कळले की पुष्कळांचा विचार बदलतो.

दर विचारताना तो वाहतूक धरून आहे की वगळून, हे विचारावे. खडीवर ५ टक्के जीएसटी आहे. पक्के बिल घ्यावे. गाडीबरोबर गौण खनिजाचा वाहतूक परवाना असतो, त्यावर किती ब्रास लिहिली आहे ते पाहावे. स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवायचा माल घेणे आपल्याला शोभत नाही. विक्रेत्याशी भांडण्याची गरज नसते. मोजणार आहोत, हे आधीच सांगितले की बहुतेक वेळा माप आपोआप पूर्ण येते. पेढीवरही आपला अनुभव हाच आहे.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत कमीजास्त मापतोल सांगितला आहे. आपण तो विकणाऱ्याच्या बाजूने वाचतो. पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. त्यातील परिमाण या शब्दाचा अर्थच माप. घेणाऱ्यानेही आपली गरज मोजावी, हे त्यात आले. सोने आणि जमीन यांची मर्यादा आपण लिहून ठेवतो. दारातल्या ढिगाची ठेवत नाही. पण तो दगडही कुठल्यातरी डोंगराचा आहे. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झाला. सुरुंग लावून तो फोडला, क्रशरमध्ये भरडला, डिझेल जाळून दारात आणला आणि निम्मा रस्त्यावर पसरू दिला, तर बिल चुकते करून तो हिशेब मिटत नाही.

आमच्याच तालुक्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून दुष्काळावर मात केली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. तेथे आधी पडलेला पाऊस मोजतात, उपलब्ध पाणी ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. आधी माप, मग खर्च. एका गावाला जे साधले, ते एका अंगणाला अवघड नसावे. खडीच्या अंगणाचा पाण्याशीही संबंध आहेच. आमच्या मागच्या ४२० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला, तर जवळजवळ १,००० लिटर पाणी होते. काँक्रीट असते तर ते बहुतेक गटारात गेले असते. खडीतून आणि मुरमातून त्यातला मोठा वाटा जमिनीत उतरतो. साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या नगरला ही बचत लहान नाही.

उरलेली घमेली

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम झाले. ढीग हलवण्यापूर्वी खडी चाळून घेतली. आमचे घमेले पाण्याने भरून मोजले, तेव्हा त्यात १४ लिटर मावले. म्हणजे दोन घमेली मिळून एक घनफूट. धाकटे दीर स्वतः वही घेऊन बसले आणि प्रत्येक घमेल्याला एक रेघ ओढत गेले. चाळून हाती आली १९६ घमेली, म्हणजे ९८ घनफूट. बारा घनफूट मातीत, भुग्यात आणि रस्त्यावर गेले. मागच्या अंगणाला लागली १६२ घमेली : ८१ घनफूट. अंदाज ७७ चा होता. चार घनफुटांचा फरक बाबूजींनी मान्य केला. म्हणाले, "पहिल्या वेळेला ठीक आहे."

३४ घमेली उरली. आजींच्या फाटकापुढे दर पावसाळ्यात पाणी साचते. त्यांची परवानगी घेऊन दिरांनी ती जागा मोजली : ८ फूट बाय ७ फूट, थर ३ इंच, १४ घनफूट, २८ घमेली. रस्त्याला लागू नये म्हणून कडेने विटा लावल्या आणि मधोमध आजींच्या पावलासाठी दोन फरश्या बसवल्या. आजी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसून पाहत होत्या. काम संपल्यावर त्यांनी दिरांना चहासाठी आत बोलावले.

राहिलेली सहा घमेली दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. वर्षा-दोन वर्षांनी खडी खचेल, तेव्हा वरून टाकायला ती पुरतील. पोत्यावर बाबूजींनी खडूने लिहून ठेवले आहे : ३ घनफूट.